कोशांच्या पानांत चांदा-गडचिरोलीचं संगीत

संगीतावर संशोधन करू पाहणारा विद्यार्थी चंद्रपूर किंवा गडचिरोलीचा असेल, तर त्याची सुरुवात हल्ली मोबाईलपासून होते. भामरागडच्या बाजूला एखाद्या गावात लग्न किंवा पंडुम हा सण असल्याचं कळतं. तो जातो, ढोल आणि रात्रभर चालणारा रेला हा गाण्यासह नाच रेकॉर्ड करतो, दोन-चार जाणत्यांना प्रश्न विचारतो आणि परतल्यावर सिनॉप्सिसमध्ये लिहितो, 'या विषयावर आजवर लेखन झालेलं नाही.' हे वाक्य मला फार खटकतं, कारण ते खरं नाही. या जंगलपट्ट्यातल्या गाण्या-वाजवण्यावर दीडशे वर्षांहून अधिक काळ लिहिलं गेलं आहे. ते विखुरलेलं आहे, पुष्कळसं इंग्रजीत आहे, काही ठिकाणी पूर्वग्रहांनी भरलेलं आहे; पण आहे. ते हाती लागत नाही, कारण आपण ते 'महाराष्ट्र' या नावाखाली शोधतो.

भारतीय संगीतावरचा कोणताही मोठा कोश घेऊन महाराष्ट्राची नोंद काढा. लावणी, पोवाडा, अभंग, कीर्तन, गोंधळ, नाट्यसंगीत, भातखंडे, पलुस्कर, किराणा घराणं हे सगळं भेटेल. वैनगंगा ओलांडून ही नोंद सहसा पूर्वेला येत नाही. यात कोशकारांचा दोष अर्धाच आहे. उरलेला अर्धा भाग या जिल्ह्यांच्या इतिहासाचा आहे. चांदा (पुढचा चंद्रपूर) जिल्हा इंग्रजांच्या काळात मध्य प्रांतात होता, स्वातंत्र्यानंतर मध्य प्रदेशात गेला, १९५६ मध्ये द्विभाषिक मुंबई राज्यात आला आणि १९६० मध्ये महाराष्ट्रात. गडचिरोली जिल्हा तर २६ ऑगस्ट १९८२ रोजी चांद्यातून वेगळा झाला. त्याआधी छापलेल्या कोणत्याही ग्रंथाच्या सूचीत 'गडचिरोली' हे नाव जिल्हा म्हणून असणारच नाही. सिरोंच्याची गोष्ट आणखी वेगळी. १८७४ पर्यंत ते 'अप्पर गोदावरी' नावाच्या स्वतंत्र जिल्ह्याचं ठिकाण होतं. म्हणून चार्ल्स ग्रँट यांचं १८७० चं मध्य प्रांताचं गॅझेटियर उघडून प्राणहिता-गोदावरी संगमाच्या मुलखाविषयी वाचायचं असेल, तर चांद्याची नोंद वाचून भागत नाही. 'अप्पर गोदावरी' हेही पान काढावं लागतं.

माणसं मात्र जिल्ह्यांच्या सीमा पाहून गात नाहीत. इंद्रावतीच्या पलीकडे बस्तर, प्राणहितेच्या पलीकडे आदिलाबाद, आणि दोन्हीकडे नातीगोती, सोयरिकी, देव आणि गाणी. त्यामुळे गडचिरोलीच्या संगीताची सुरुवातीची माहिती बस्तर, आदिलाबाद, मध्य प्रांत, चांदा, गोंड, माडिया, परधान या नोंदींमध्ये वाटली गेलेली आहे. पहिलं काम ही नावं एका कागदावर लिहून घेण्याचं. कोशाकडे जाताना आपल्याजवळ योग्य नावं असली, तरच कोश बोलतो.

जागतिक कोशांपासून सुरुवात करायची का, असा प्रश्न विद्यार्थी विचारतात. करावी, पण कशासाठी ते ठरवून. जॉर्ज ग्रोव्ह यांचा इंग्रजी संगीतकोश १८७९ पासून निघू लागला. त्याची 'न्यू ग्रोव्ह' ही १९८० ची आवृत्ती २० खंडांची आणि २००१ ची २९ खंडांची. वाद्यांसाठी याच मालिकेतला वेगळा कोश आहे, १९८४ मध्ये ३ खंडांत आणि २०१४ च्या नव्या आवृत्तीत ५ खंडांत. गार्लंड विश्वकोशाचा पाचवा खंड संपूर्ण दक्षिण आशियाच्या संगीताला वाहिलेला आहे. त्याची मांडणी प्रदेशवार आणि विषयवार असल्यामुळे लोकसंगीताच्या अभ्यासकाला तो ग्रोव्हपेक्षा जवळचा वाटतो. निखिल घोष यांच्या 'संगीत महाभारती' संस्थेतून उभा राहिलेला भारतीय संगीताचा ३ खंडांचा इंग्रजी कोश ऑक्सफर्डने २०११ मध्ये प्रसिद्ध केला. राग, ताल, घराणी, कलावंत यांसाठी तो उत्तम. जंगलातल्या ढोलासाठी त्यातून थोडंच मिळतं. या सगळ्या ग्रंथांचं खरं मोल नोंदीच्या मजकुरापेक्षा नोंदीखालच्या ग्रंथसूचीत असतं. दहा ओळींची नोंद आणि तिच्याखाली आठ शीर्षकं असतील, तर त्या आठ शीर्षकांसाठी तो खंड उघडायचा. आपल्याकडे विद्यार्थी नोंद उतरवून घेतात आणि सूची सोडून देतात. मी हे उलट करायला सांगतो.

या सवयीचा फायदा काय, हे एका उदाहरणाने सांगतो. गोंडांच्या संगीतावरची कोणतीही बरी ग्रंथसूची पाहिली, की वॉल्टर काउफमान हे नाव भेटतं. आकाशवाणीची सकाळची ती ओळखीची धून ज्यांच्या नावावर सांगितली जाते, तेच हे काउफमान. मध्य युरोपात जन्मलेले, नाझींच्या काळात ज्यू म्हणून देश सोडावा लागलेले हे संगीतकार १९३४ मध्ये मुंबईत आले, आकाशवाणीत काम करू लागले आणि १९४६ पर्यंत इथे राहिले. त्यांचा गोंड आणि बैगा गीतांवरचा लेख १९४१ मध्ये अमेरिकेतल्या 'म्युझिकल क्वार्टर्ली'त आला. पुढे 'एथ्नोम्युझिकॉलॉजी' या नियतकालिकात त्यांनी दोन लेख लिहिले: १९६० मध्ये डोंगरी माडिया, झोरिया मुरिया आणि बस्तर मुरिया यांच्या गीतांवर, आणि १९६१ मध्ये त्याच जमातींच्या वाद्यांवर. डोंगरी माडिया म्हणजे अबुझमाडचे, आणि अबुझमाडचे डोंगर भामरागडला लागूनच आहेत. माडिया गाण्यांच्या चाली युरोपीय स्वरलेखनात लिहून ठेवणारा माणूस मुंबईत रेडिओवर काम करत होता, आणि ही गोष्ट गडचिरोलीच्या विद्यार्थ्याला कुणी सांगत नाही, याचं वाईट वाटतं. भामरागडला रेला रेकॉर्ड करायला जाण्याआधी हे दोन लेख वाचले असतील, तर प्रश्नच बदलतात. चालीत किती स्वर वापरले जातात, गट दोन बाजूंना वाटून गातो का, ढोलाचा ठेका आणि पावलं कुठे जुळतात, हे कानाला आधीच माहीत असतं.

काउफमान यांच्या आधीचे आणि नंतरचे संदर्भ पाहिले, की एक क्रम दिसतो. सर्वांत आधी शब्द आले. नागपूरचे मिशनरी स्टीफन हिस्लॉप यांनी एका परधानाकडून, म्हणजे गोंडांच्या कथागायकाकडून, गोंडांचा आद्यपुरुष लिंगो याची दीर्घ कथागीतं मिळवली. हिस्लॉप १८६३ मध्ये वारले. त्यांचे कागद रिचर्ड टेंपल यांनी १८६६ मध्ये संपादित करून छापले. त्यात गोंडी मजकूर आहे आणि इंग्रजी अनुवाद आहे, पण चाल नाही, वाद्याची साथ कशी होती हे नाही. पुढे गॅझेटियरं आणि जातिकोश आले, त्यांनी चालीरीती दिल्या. आर. व्ही. रसेल आणि रायबहादूर हिरालाल यांचा मध्य प्रांतातल्या जमाती व जातींवरचा ४ खंडांचा ग्रंथ १९१६ चा. तो आज इंटरनेटवर फुकट मिळतो. गोंड आणि परधान या दोन नोंदी सुरुवातीलाच वाचाव्यात. लग्नात कोण वाजवतं, देवाच्या पूजेत परधानाचं काम काय, कोणत्या प्रसंगी कोणता नाच, याचे धागे त्यात आहेत. त्याच्या आधीचं, १९०९ चं चांदा जिल्हा गॅझेटियरही संग्रहस्थळांवर मिळतं. स्वातंत्र्यानंतरचं महाराष्ट्र शासनाचं चंद्रपूर जिल्हा गॅझेटियर तर शासनाच्याच संकेतस्थळावर आहे.

तिसरा थर मानववंशशास्त्रज्ञांचा. डब्ल्यू. व्ही. ग्रिगसन यांचं बस्तरच्या माडियांवरचं पुस्तक १९३८ चं, व्हेरियर एल्विन यांचं मुरिया घोटुलवरचं, म्हणजे तरुणांच्या युवागृहावरचं, १९४७ चं, ख्रिस्तोफ फॉन फ्यूरर-हायमेनडॉर्फ यांचं आदिलाबादच्या राजगोंडांवरचं १९४८ चं. एल्विन यांच्याबरोबर अनेक वर्षं काम केलेल्या शामराव हिवाळे यांनी १९४६ मध्ये नर्मदेच्या वरच्या खोऱ्यातल्या परधानांवर स्वतंत्र पुस्तक लिहिलं. मराठी वाचकाला हे नाव माहीत असायला हवं. त्याआधी दोघांनी मिळून मैकल डोंगरातल्या लोकगीतांचा संग्रह १९४४ मध्ये काढला होता. एल्विन-हिवाळे यांची पुस्तकं वाचताना एक लक्षात ठेवावं. गाणी इंग्रजी कवितेच्या रूपात आली आहेत. मूळ शब्द आणि चाल बहुतेक ठिकाणी मागे राहिली आहे. वाङ्मय म्हणून ती सुंदर आहेत, संगीताचा पुरावा म्हणून त्यांवर फार भार टाकता येत नाही.

आवाज सर्वांत शेवटी आला. अमेरिकन संगीतशास्त्रज्ञ रॉडरिक नाइट यांनी मुरिया आणि माडिया गोंडांच्या संगीताचं केलेलं ध्वनिमुद्रण 'फोकवेज'ने १९८३ मध्ये प्रसिद्ध केलं. शब्द, रीत, चाल, आवाज असा हा जवळपास सव्वाशे वर्षांचा प्रवास. आजचा विद्यार्थी नेमका उलट, आवाजापासून निघतो आणि मागचं काहीच वाचत नाही. मग त्याच्याकडे शंभर फायली जमतात आणि त्यांतल्या एकीवरही प्रश्न विचारता येत नाही.

आता एका वाद्याकडे वळतो, कारण कोश कसे वापरावेत आणि कुठे सावध राहावं, हे त्यातून कळतं. परधानांचं तंतुवाद्य. नर्मदेकडे त्याला बाना म्हणतात, आदिलाबादकडे किकरी, आणि आपल्याकडे किंगरी हे नाव ऐकू येतं. देवाची कथा गाताना परधान ते गजाने वाजवतो. विद्यार्थ्याने कोशात 'किंगरी' पाहिलं, तर तो कुठल्या कुठे जाऊ शकतो. महाराष्ट्रात नाथपंथी जोगींच्या हातात किंगरी आहे. संस्कृत संगीतग्रंथांत किन्नरी वीणा आहे, ती भोपळ्यांची, बोटांनी छेडायची; गजाशी तिचा संबंध नाही. नाव जवळचं, वाद्य वेगळं. अशा वेळी नावावर न थांबता वाद्याच्या बांधणीकडे जावं लागतं: आवाज कशातून निघतो, तारा किती, पोकळ भागावर कातडं आहे की लाकूड, गज कशाचा.

बांधणीवरून वर्गवारी करण्याची जगभर चालणारी पद्धत एरिक फॉन हॉर्नबॉस्टेल आणि कुर्ट झाक्स यांनी १९१४ मध्ये मांडली. तिची मुळं आपल्याकडे पोहोचतात, हे आपल्या संगीतशाळांत अभिमानाने सांगायला हवं. भरताच्या नाट्यशास्त्रातली तत, सुषिर, अवनद्ध आणि घन ही चौकट ब्रसेल्सच्या वाद्यसंग्रहालयाचे व्हिक्टर माहियाँ यांनी एकोणिसाव्या शतकात उचलली. कलकत्त्याचे सौरींद्रमोहन टागोर यांनी त्या संग्रहालयाकडे भारतीय वाद्यं पाठवली होती. माहियाँच्या कामावर हॉर्नबॉस्टेल-झाक्स उभे राहिले. तीच चौकट शार्ङ्गदेवाने तेराव्या शतकात देवगिरीला यादवांच्या आश्रयाने लिहिलेल्या 'संगीतरत्नाकरा'तही आहे. म्हणजे मराठवाड्यात लिहिला गेलेला एक संदर्भग्रंथ आणि बर्लिनची पद्धत एकाच दिशेने बोलतात. गडचिरोलीतल्या विद्यार्थ्याने आपल्या वहीत दोन्ही नोंदवावं: अवनद्ध, आणि त्यापुढे हॉर्नबॉस्टेल-झाक्सचा आकडा. मग त्याचा ढोल जगातल्या कुठल्याही सूचीत ओळखला जातो. भारतीय लोकवाद्यांसाठी के. एस. कोठारी यांचं संगीत नाटक अकादमीने १९६८ मध्ये काढलेलं पुस्तक आणि बी. चैतन्य देव यांचं १९७८ चं वाद्यांच्या इतिहासावरचं पुस्तक, ही दोन या कामाला पुरेशी आहेत.

खंजिरीचंही असंच. चिमूर, वरोरा, ब्रह्मपुरीकडे खंजिरी म्हटलं की राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांची भजनं आठवतात. १९४२ च्या चिमूरच्या लढ्यात या भजनांचा वाटा होता आणि महाराजांना तुरुंगात जावं लागलं. इंग्रजी संगीतकोशात मात्र या जातीच्या वाद्याचा शोध घेणारा माणूस बहुधा दक्षिणेच्या कच्छेरीत पोहोचतो, कारण तिथल्या कंजिऱ्यावर जास्त लिहिलं गेलं आहे. भजनमंडळांतली खंजिरी कशी वाजते, किती जण एकत्र वाजवतात, बोल कसे धरतात, यावर स्वतंत्र नोंद लिहिणं आपलंच काम आहे.

शब्दकोश हे संगीताचे संदर्भग्रंथ नाहीत असं अनेकांना वाटतं. मला ते पटत नाही. वाद्याची, नाचाची, वादकाची, सणाची नावं शब्दकोशात असतात, अर्थासकट असतात, आणि नोंदवण्याची तारीखही मिळते. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ चा, सुधारित आवृत्ती १८५७ ची. दाते-कर्वे यांचा महाराष्ट्र शब्दकोश १९३२ पासून निघाला. मोल्सवर्थ आणि दाते-कर्वे दोन्ही आज इंटरनेटवर शोधता येतात. गोंडीसाठी बरो आणि भट्टाचार्य यांची १९६० ची बोलींची तुलनात्मक शब्दसूची आहे, आणि बरो-एमेनो यांचा द्राविडी व्युत्पत्तिकोश आहे, त्याची दुसरी आवृत्ती १९८४ ची. माडियासाठी ए. ए. लिंड यांचं हस्तपुस्तक १९१३ मध्ये छापलं गेलं, तेही पुणे जिल्ह्यातल्या केडगावच्या मुक्ती मिशनच्या छापखान्यात. ग्रियर्सन यांच्या भाषासर्वेक्षणाचा १९०६ चा चौथा खंड गोंडी बोलींचे नमुने देतो. गोंडी समाजातून आलेले अभ्यासक मोतीरावण कंगाली यांचे कोश आणि व्यंकटेश आत्राम यांचं 'गोंडी संस्कृतीचे संदर्भ' हे मराठी पुस्तक या बाहेरच्या नोंदींशेजारी ठेवून वाचावं. बाहेरच्याने काय चुकीचं ऐकलं, ते तिथे लगेच कळतं.

झाडीबोलीकडे, म्हणजे पूर्व विदर्भातल्या झाडीपट्टीच्या बोलीकडे, वळलं की चित्र थोडं उजळतं. डॉ. हरिश्चंद्र बोरकर यांनी झाडीबोलीचा शब्दकोश तयार केला आणि दंडारीवरही लिहिलं. झाडीपट्टीच्या गाण्या-नाचाचा अभ्यास करणाऱ्याने हा शब्दकोश टेबलावरून हलवूच नये. दंडार, खडी गंमत, डहाका, भिंगीसोंग हे प्रकार पुण्या-मुंबईच्या कोशांत शोधले तर ओळ-दोन ओळींत भेटतात किंवा भेटतच नाहीत. मराठी नाट्यसंगीताचा इतिहास १८८० च्या किर्लोस्करांच्या 'शाकुंतला'पासून लिहिला जातो आणि तो बहुतेक वेळा पुणे, सांगली, मुंबई या त्रिकोणात फिरतो. देसाईगंज-वडसा हे नाव त्यात यायला हवं. दिवाळीनंतर होळीपर्यंत इथल्या मंडळांची नाटकं गावोगाव रात्रभर चालतात. शंकरपटाच्या, म्हणजे बैलांच्या शर्यतीच्या, निमित्ताने एकेका गावात अनेक मंडप उभे राहतात. संगीत जिवंत असतं, वादक रंगमंचाजवळ बसलेले असतात, गाण्याला 'वन्स मोअर' मिळतो. गडचिरोलीचे कलावंत परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली, तेव्हा वर्तमानपत्रांनी झाडीपट्टीची पुन्हा ओळख करून दिली. पण ऑर्गनवर कोण बसत आलं, नाटकाची पदं कोण बांधतं, लावणीची चाल सिनेमातून आली की दंडारीतून, याचा कोश नाही. नाटकांची हँडबिलं हाच इथला प्राथमिक संदर्भ आहे, आणि ती दरवर्षी रद्दीत जातात.

दंडारीचाच एक धागा असा आहे, की तो फक्त दोन संदर्भ शेजारी ठेवल्यावर दिसतो. झाडीपट्टीत दंडार दिवाळीच्या सुमारास उभी राहते. फ्यूरर-हायमेनडॉर्फ यांनी वर्णन केलेल्या आदिलाबादच्या राजगोंडांमध्ये दिवाळीच्याच सुमारास दंडारीचे ताफे गावोगाव फिरतात, मोरपिसांचे टोप घातलेले गुसाडी त्यांत नाचतात. जिवती-राजुऱ्याच्या बाजूला हा नाच आजही होतो. नाव जवळचं, ऋतू तोच, दोन्हीकडे पुरुषांचे गट. दोन्हींचं नातं काय, हे मी इथे सांगत नाही, कारण ते सिद्ध करण्यासाठी ठेके, पावलं आणि गाण्यांची रचना तपासावी लागेल. पण हा प्रश्न मराठीच्या कोशातून सुचत नाही आणि तेलंगणाच्या पुस्तकातूनही सुचत नाही; दोन्ही एकत्र उघडल्यावरच सुचतो. एका पीएचडीला पुरेल एवढा हा विषय आहे, आणि तो अजून मोकळा आहे.

मराठीतले सर्वसाधारण कोश काय देतात? केतकरांच्या ज्ञानकोशाचे खंड १९२० च्या दशकातले. त्यांत जातीजमातींची माहिती आहे, पण ती त्या काळच्या इंग्रजी ग्रंथांवर बरीच अवलंबून आहे. महादेवशास्त्री जोशी यांचा भारतीय संस्कृतिकोश सण, देव, जमाती आणि विधी यांसाठी फार उपयोगी. गाणं कोणत्या विधीत बसतं, हे त्यातून लागतं. मराठी विश्वकोशाचा पहिला खंड १९७६ चा, आणि आता सगळे खंड संगणकावर वाचता येतात. वाद्यवर्गीकरण आणि लोकसंगीत या विषयांची पायाभूत मराठी परिभाषा तिथून घ्यावी, इंग्रजीतून ओढूनताणून मराठी शब्द बनवू नयेत. अशोक दा. रानडे यांचं 'लोकसंगीतशास्त्र' हा कोश नाही, पण लोकसंगीताकडे शास्त्र म्हणून कसं पाहायचं, हे मराठीत त्याच्याइतक्या नेटकेपणाने कुठे मिळत नाही. दुर्गाबाई भागवतांची 'लोकसाहित्याची रूपरेषा' (१९५६) शेजारी असावी. जमातवार माहितीसाठी डॉ. गोविंद गारे यांचं महाराष्ट्रातल्या आदिवासी जमातींवरचं पुस्तक आणि 'पीपल ऑफ इंडिया' मालिकेतले २००४ चे महाराष्ट्राचे भाग. त्यांत कोलाम, माडिया, परधान, हलबा अशी एकेक नोंद आहे आणि गाण्या-वाद्यांविषयी बहुधा एखाददुसरं वाक्य. एवढ्या थोड्या मजकुरावरही सुरुवात होते, कारण पुढे कुठे पाहायचं ते कळतं.

सावध राहण्याच्या जागा आहेत आणि त्या लहान नाहीत. इंग्रज अधिकाऱ्यांच्या ग्रंथांत आदिवासींसाठी वापरलेली विशेषणं आज वाचवत नाहीत. ढोलाच्या आवाजाला 'गोंगाट' म्हणणाऱ्या लेखकाने तो ठेका मोजलेलाच नसतो, हे ओळखून त्याचं मत बाजूला ठेवायचं आणि त्याने पाहिलेली वस्तुस्थिती तेवढी घ्यायची. शेजारच्या मुलखाचं वर्णन आपल्या गावावर चिकटवणं ही दुसरी चूक, आणि ती जास्त होते. एल्विन यांचं मुरिया घोटुल इतकं प्रसिद्ध झालं, की गडचिरोलीतल्या गोटुलविषयी बोलतानाही लोक तेच वर्णन उगाळतात. ग्रिगसन यांनी डोंगरी माडियांची रीत मुरियांपेक्षा वेगळी असल्याचं, तिथे मुलींचा मुक्काम नसल्याचं आधीच नोंदवलं होतं. गाणं कुठे, कोणासमोर, कोणाबरोबर गायलं जातं, यावर त्याचं रूप ठरतं. त्यामुळे गोटुलविषयीची ही एक चूक थेट संगीताच्या विवेचनात उतरते. कोलाम आणि माडिया यांना शासनाने विशेष असुरक्षित आदिवासी गटांत धरलं आहे. या समाजांविषयी जुन्या पुस्तकातलं चुकीचं वाक्य पुन्हा छापणं त्यांना प्रत्यक्ष अपाय करतं.

तिसरी जागा म्हणजे कोशांना न दिसलेली माणसं. मुलचेरा-चामोर्शीत साठच्या दशकात वसवलेल्या बंगाली निर्वासितांची कीर्तनं आणि बाउल गाणी आहेत, सिरोंच्यात तेलुगू गाणी आहेत, चैत्रात चंद्रपूरच्या महाकालीला नांदेडकडून येणाऱ्या भक्तांची देवीची गाणी आहेत. 'आदिवासी' आणि 'मराठी' अशा दोनच कप्प्यांत या जिल्ह्यांचं संगीत बसवणाऱ्या संदर्भग्रंथांत यांपैकी कुणीच सापडत नाही.

हे सगळं मिळवायचं कुठून? जुनी पुस्तकं बहुतांशी इंटरनेटवरच्या संग्रहांत आहेत. नागपूर विद्यापीठ आणि गोंडवाना विद्यापीठातले प्रबंध 'शोधगंगा'वर पाहता येतात. विषय ठरवण्याआधी तिथे एक दिवस घालवलाच पाहिजे. नागपूरच्या मध्यवर्ती संग्रहालयात, म्हणजे आपल्या अजबबंगल्यात, आदिवासी दालन आहे. मानववंशशास्त्रीय सर्वेक्षणाचं केंद्रही नागपुरात आहे. पुण्याच्या आदिवासी संशोधन व प्रशिक्षण संस्थेचं ग्रंथालय आणि संग्रहालय पाहावं. ध्वनिमुद्रणांसाठी गुरुग्रामला अमेरिकन इन्स्टिट्यूट ऑफ इंडियन स्टडीजचं एथ्नोम्युझिकॉलॉजी संग्रहकेंद्र आहे. ते १९८२ मध्ये, गडचिरोली जिल्हा झाला त्याच वर्षी, आधी पुण्यात सुरू झालं होतं. फ्यूरर-हायमेनडॉर्फ यांचा संग्रह लंडनच्या 'सोआस'मध्ये आहे. एका पत्राने किंवा ई-मेलने यादी मागता येते, आणि ती मागायला गाईडची परवानगी लागत नाही.

काही मित्र म्हणतात, लोकसंगीत गावात आहे, पुस्तकात नाही. थेट जा आणि ऐका. त्यांची तळमळ मला समजते. पण वाचल्याशिवाय जाणारा माणूस गावाचा वेळ घेतो. ज्याने रसेल-हिरालाल वाचले आहेत, त्याला गायत्याला, म्हणजे गावच्या पुजाऱ्याला, 'तुमचे देव किती' हा प्रश्न विचारावा लागत नाही. तो थेट विचारू शकतो, की चार देवांच्या आणि सात देवांच्या घराण्यांच्या लग्नगाण्यांत फरक आहे का. जाणत्या माणसाला असा प्रश्न आवडतो, तो सावरून बसतो आणि बोलू लागतो. दहाव्यांदा विचारलेल्या प्राथमिक प्रश्नाने तो कंटाळतो. शिवाय ज्यांनी आधी येऊन नोंदी केल्या आणि काहीच परत दिलं नाही, त्यांच्या नोंदी आपण गावाला वाचून दाखवू शकतो. १८६६ चं लिंगोचं गीत एखाद्या परधान घरात वाचून दाखवलं, आणि तिथल्या वडीलधाऱ्याने 'हे असं नाही' म्हणून दुरुस्त केलं, तर ती दुरुस्ती हिस्लॉपच्या पुस्तकापेक्षा मोलाची आहे. ती तारखेसकट, त्यांच्या संमतीने आणि त्यांच्या नावाने लिहून ठेवली पाहिजे.

माझं स्पष्ट मत असं आहे, की या दोन जिल्ह्यांच्या संगीताचा स्वतंत्र संदर्भग्रंथ आता झालाच पाहिजे, आणि तो गडचिरोलीतच झाला पाहिजे. गोंडवाना विद्यापीठ २०११ पासून आहे. कोश लगेच होणार नाही, पण सूची होऊ शकते: या भागातल्या संगीतावर आजवर मराठी, गोंडी, हिंदी, तेलुगू, बंगाली आणि इंग्रजीत जे छापलं गेलं, ज्याचं ध्वनिमुद्रण झालं, त्याची एक वर्णनात्मक सूची. काउफमान यांच्या 'एथ्नोम्युझिकॉलॉजी'तल्या दोन्ही लेखांचा मराठी आणि गोंडी सारांश त्यात असावा, हॉर्नबॉस्टेल-झाक्सच्या आकड्यांसह तालुकावार वाद्यसूची असावी, वडशाच्या मंडळांची हँडबिलं वर्षवार लावलेली असावीत. महाविद्यालयांतल्या मराठी आणि संगीताच्या शिक्षकांना माझी विनंती आहे: यंदा प्रकल्प देताना प्रत्येक विद्यार्थ्याला आपल्या गावातलं एकच वाद्य द्या. त्याचं स्थानिक नाव, ते कोण बनवतं, लाकूड आणि कातडं कशाचं, कोणत्या प्रसंगी वाजतं आणि कधी वाजवायचं नसतं, हे त्याने आधी वर सांगितलेल्या ग्रंथांत शोधावं, मग गावात जाऊन विचारावं, आणि दोन्ही उत्तरं एकाच पानावर लिहावीत. ती पानं ग्रंथालयात जमा करा आणि त्यांची एक प्रत ग्रामसभेला द्या.